मॉन्स्टरांच्या चकमकी रंगतदार कशा आखाव्यात : नव्या गेम मास्टरांसाठी मार्गदर्शन

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र रंगवत खेळायची गोष्ट) नव्याने चालवू लागलेल्या गेम मास्टरच्या, म्हणजे ती गोष्ट आणि तिच्यातले मॉन्स्टर चालवणाऱ्याच्या, टेबलावर एक दृश्य वारंवार दिसते. दार उघडते, आत मॉन्स्टर असतात, इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम) काढला जातो, सगळे एकमेकांना भिडतात आणि त्यानंतर कोणीही जागचे हलत नाही. फासे पडत राहतात, हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद मोजणारे गुण) वजा होत राहतात, आणि बऱ्याच वेळाने शेवटचा मॉन्स्टर कोसळतो तेव्हा खेळाडूंजवळ सांगण्यासारखे काही उरलेले नसते.

अशा लढाईत खेळाडूंपुढे निवडच नसते. समोर शत्रू आहे, हातात तलवार आहे, आणि पुढे काय करायचे ते कोणी सांगावे लागत नाही. चकमक रंगते ती खेळाडूला आपल्या पाळीत करण्याजोग्या दोन-तीन गोष्टी दिसतात आणि त्यांतली एकच करता येणार असते तेव्हा. ही ओढाताण बहुतेक वेळा एकाच गोष्टीतून निर्माण होते : मॉन्स्टरला स्वतःचे काहीतरी हवे असते. म्हणून या लेखातला क्रम आधी हेतू, मग जागा, मग मॉन्स्टरांची निवड आणि सर्वांत शेवटी आकडे असा ठेवला आहे. नवखा गेम मास्टर हाच क्रम उलटा धरतो, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही, कारण नियमपुस्तकांत मॉन्स्टर ताकदीप्रमाणे मांडलेले असतात आणि आपण त्या यादीपासूनच सुरुवात करतो.

उदाहरणांतले आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीतले आहेत, कारण ती बहुसंख्य खेळाडूंच्या परिचयाची आहे. हा खेळ १९७४ साली आला तो छोट्या प्रतिमा मांडून खेळायच्या युद्धखेळांच्या परंपरेतून, आणि त्यामुळे त्याच्या नियमांत लढाईचा भाग आजही सर्वांत तपशीलवार आहे. तुम्ही दुसरा कोणताही खेळ चालवत असाल तरी पहिल्या तीन पायऱ्या जशाच्या तशा वापरता येतील. बाकीच्यांतले आकडे तेवढे आपल्या नियमांप्रमाणे बदलून घ्या.

काय काय जवळ असावे

- निवडलेल्या मॉन्स्टरांचे स्टॅट ब्लॉक (आकडे आणि क्षमता यांचे तक्ते), खेळाच्या आदल्या दिवशी वाचून, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केलेले. २०१४ च्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत, आणि या लेखात आलेले सर्व मॉन्स्टर त्यांत आहेत. सुरुवातीला पुस्तक विकत घेण्याची गरज नाही.
- पात्रांची एका पानावर मावणारी यादी : लेव्हल (पात्राच्या प्रगतीची पायरी), आर्मर क्लास (त्याला वार लागायला फाशाने गाठायचा आकडा), हिट पॉइंट, आणि प्रत्येकाची एखादी आवडती करामत. ही शेवटची नोंद सहसा कोणी करत नाही, आणि चकमक आखताना तीच सर्वांत उपयोगी पडते.
- चौकटींचा कागद किंवा पुसता येणारी बॅटल मॅट, एक चौकट पाच फुटांची धरून.
- सोंगट्या किंवा बटणे, प्रत्येकावर क्रमांक टाकलेला, म्हणजे ‘तो जखमी गॉब्लिन कोणता?’ हा प्रश्न उठणार नाही.
- नेहमीचे फासे आणि त्यांशिवाय सहा बाजूंचे दोन फासे.
- एका चकमकीसाठी एक कार्ड. त्यावर मावत नसेल इतके लिहू नका, कारण खेळताना ते वाचायला वेळ मिळणार नाही.

१. मॉन्स्टरला काय हवे आहे ते एका वाक्यात लिहा

कार्डावरचे पहिले वाक्य असे असू द्या की त्यात मॉन्स्टर हा कर्ता असेल आणि ‘खेळाडूंना ठार मारणे’ ही त्याची क्रिया नसेल. लांडग्यांच्या कळपाला सर्वांत मागे चालणारे खेचर हवे आहे. भाडोत्री पहारेकऱ्यांना पहाटेपर्यंत दार रोखून धरायचे आहे, कारण त्यांची बोली तेवढ्यापुरतीच झाली आहे. पक्षिणीला घरट्याजवळ आलेल्यांना हुसकावून लावायचे आहे, पण घरटे सोडून फार दूर जाणे तिला परवडणारे नाही.

हे एक वाक्य लिहिले की बरेचसे काम आपोआप होते. लांडगे खेचराकडे धावणार, हे ठरल्याबरोबर खेळाडूंपुढे पेच उभा राहतो : खेचराभोवती कडे करायचे, की कळपाच्या म्होरक्यावर चालून जायचे, की खेचराची दोरी कापून बाकीच्यांनी निसटायचे? नियमही इथे साथ देतात. लांडग्याच्या चाव्याने सावज खाली पडू शकते, आणि त्या सावजाशेजारी साथीदार असला की लांडग्याला हल्ल्यात ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळतो. एकाच सावजाभोवती गोळा होणे हे त्याच्या स्टॅट ब्लॉकमध्येच लिहिलेले आहे. ते वाचून तसे वागवण्याचे काम तेवढे आपले.

शेवटपर्यंत नेता येईल असे एक उदाहरण घेऊ. नदीकाठी एक पडकी पाणचक्की आहे. चार गॉब्लिनांनी (ठेंगण्या, लबाड मॉन्स्टरांनी) एका निरोप्याला पकडून तिच्या माळ्यावर बांधून ठेवले आहे. रात्री त्याला विकत घेणारे येणार आहेत आणि तोवर तो जिवंत राहायला हवा. दाराशी त्यांनी एका ओगरला (धिप्पाड राक्षसाला) पोटभर जेवणाच्या बोलीवर बसवले आहे, आणि ते जेवण काही अजून त्याला मिळालेले नाही. तिसऱ्या लेव्हलच्या चार पात्रांना निरोप्या जिवंत हवा आहे.

आता पाहा : गॉब्लिनांना वेळ काढायचा आहे, ओगरला जेवायचे आहे, आणि निरोप्याच्या जिवाची काळजी दोन्ही पक्षांना आहे. कोणी खेळाडू ओगरपुढे आपली शिधासामग्री टाकेल, कोणी गॉब्लिनांना जास्त पैसे देऊ करेल, कोणी मागच्या बाजूने माळ्यावर चढेल. यांपैकी एकही गोष्ट तुम्ही ‘लिहिलेली’ नाही, तरी प्रत्येकीला काय उत्तर द्यायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. हेतू आधी ठरवण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. खेळाडू काहीही करोत, गेम मास्टरला आधार राहतो.

सावध राहण्याची गोष्ट : हेतू फक्त तुमच्या वहीत राहिला तर तो असून नसल्यासारखा आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत तो टेबलावर दिसलाच पाहिजे. ओगर पात्रांच्या खोगिरांच्या पिशव्या हुंगतो. गॉब्लिन एकमेकांवर ओरडतो, ‘वरच्याला बाण लागू देऊ नका!’. अशी दोन वाक्ये पुरतात.

२. लढाई कशाने संपेल ते आधीच ठरवा

हेतूच्या खालीच दोन ओळी लिहा : मॉन्स्टर जिंकले असे केव्हा म्हणायचे, आणि ते माघार केव्हा घेतील. शेवटचा मॉन्स्टर मरेपर्यंत चालणारी लढाई तिच्या अखेरच्या तिसऱ्या हिश्श्यात हमखास रेंगाळते, कारण निकाल लागलेला असतो आणि फासे मात्र टाकायचे उरलेले असतात.

माघारीसाठी जुन्या नियमांतली एक पद्धत आजही फार चांगली चालते. १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक मॉन्स्टरला दोन ते बारा यांमधला एक मनोधैर्याचा आकडा दिलेला असे. त्यांच्या बाजूचा पहिला जण पडला की, आणि पुन्हा निम्मे गारद झाले की, सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली तर ते लढाई सोडतात. गॉब्लिनांना तुम्ही सात दिलेत तर एका वेळी त्यांचे धैर्य सुटण्याची शक्यता ३६ पैकी १५ आहे. नऊ दिलेत तर ती ३६ पैकी ६ एवढीच राहते. दोन अंकांचा फरक वाटतो त्याहून पुष्कळ मोठा आहे, म्हणून हा आकडा विचार करून द्या. ज्यांना भीतीच नाही असे सांगाडे किंवा यंत्रपुतळे यांच्यासाठी फासा टाकूच नका. त्यांचे न पळणे हेच मग खेळाडूंना अस्वस्थ करते.

पाणचक्कीच्या उदाहरणात माघारीच्या ओळी अशा होतील : दोन गॉब्लिन पडले की उरलेले निरोप्याला पोत्यात घालून मागच्या होडीकडे पळतील. ओगर निम्म्याहून अधिक जखमी झाला, किंवा त्याला खायला मिळाले, की तो निघून जाईल. म्हणजे ही चकमक मध्यावरच रूप बदलते, लढाईचे रूपांतर पाठलागात होते आणि खेळाडूंना पुन्हा नव्याने ठरवावे लागते.

आणखी एक खबरदारी घ्या. मॉन्स्टर पळू लागले की अनेक खेळाडूंना आपला विजय हिरावला गेल्यासारखे वाटते, आणि ते प्रत्येकाचा पाठलाग करत सुटतात. म्हणून शत्रूला पळवून लावल्याबद्दलही मारल्याइतकेच अनुभवगुण (लेव्हल वाढवणारे गुण) मिळतील, असे पहिल्याच सेशनमध्ये स्पष्ट सांगून ठेवा.

३. जागा अशी आखा की उभे राहणे परवडणार नाही

पाचव्या आवृत्तीत शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यातून बाहेर पडताना त्याला रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी कृती) वापरून एक फुकटचा हल्ला मिळतो. या नियमामुळे, एकदा भिडल्यावर हलण्यात तोटा आहे हे खेळाडू लवकर शिकतात. त्यामुळे ‘लोक हलतच नाहीत’ ही तक्रार खेळाडूंविषयी नसून जागेविषयी आहे असे समजावे. हलण्याने होणाऱ्या तोट्यापेक्षा मोठे असे काहीतरी जागेतच ठेवावे लागते.

पहिला प्रश्न आकारमानाचा. गॉब्लिन एका पाळीत तीस फूट म्हणजे सहा चौकटी जातो, ओगर चाळीस फूट म्हणजे आठ. ओगर स्वतः दोन गुणिले दोन चौकटी व्यापतो. वीस फूट लांब-रुंद खोलीत एकूण सोळाच चौकटी असतात. त्यांतल्या चार ओगरने अडवल्या, चार पात्रांनी चार, आणि चार गॉब्लिनांनी चार. उरल्या चार, आणि त्यांत कोणाला जायचे तरी कुठे? साठ फूट लांब-रुंद जागा, म्हणजे बारा गुणिले बारा चौकटी, ही पाच मॉन्स्टरांसाठी किमान धरा, आणि शक्य असेल तर खोली आणि बाहेरचा परिसर एकच रणांगण समजा.

दुसरा प्रश्न, त्या जागेत काय आहे? मी प्रत्येक नकाशावर निदान तीन प्रकारच्या गोष्टी असतील असे पाहावे असे सुचवेन : एखादी उंच जागा, लपता येईल असा आडोसा, आणि ज्याला हात लावल्यावर काही घडते अशी वस्तू. तिसरी सर्वांत मोलाची. पाणचक्कीत अशा वस्तू भरपूर आहेत. बाहेर पाण्याचे दार आहे. ते वर उचलले की चाक फिरू लागते, आतले दातेरी चक्र सुरू होते आणि त्याच्या शेजारच्या चौकटींत पाळी संपवणाऱ्याला डेक्स्टेरिटीचा सेव्हिंग थ्रो (चपळाईने इजा टाळण्यासाठीचा फासा) करावा लागतो. माळ्यापर्यंत पोती चढवण्याचा दोर आणि कप्पी आहे. दोर कापला की पोते खाली कोसळते, आणि पोत्याच्या वजनाने दोर धरलेला माणूस एका क्षणात वर जातो. शिवाय पीठ आहे. हवेत पिठाची धूळ दाट झालेली असताना ज्वाळा भेटली तर तिचा स्फोटासारखा भडका उडतो, ही खऱ्या चक्क्यांमध्येही घडणारी गोष्ट आहे. पोते फुटून ढग उठला आहे असे तुम्ही वर्णन केले, आणि जादूगाराच्या यादीत आगीचा मंत्र आहे, की टेबलावर एकदम शांतता पसरते आणि सगळे निरोप्याच्या माळ्याकडे पाहतात.

अशा प्रत्येक वस्तूसाठी कार्डावर तीनच गोष्टी लिहा : ती वापरायला काय लागते, किती अवघड आहे (चाचणीत फाशाने गाठायचा आकडा), आणि परिणाम काय. ‘पाण्याचे दार : एक ॲक्शन, ताकदीची चाचणी १२, पुढील फेरीपासून चक्र सुरू.’ परिणाम साध्या तलवारीच्या वारापेक्षा स्पष्टपणे मोठा ठेवा. नवे गेम मास्टर इथे हात आखडता घेतात. झुंबर पाडले तर अवघे तीन-चार हिट पॉइंट जातात असे एकदा दिसले की खेळाडू पुन्हा कधीही नकाशाकडे पाहत नाहीत, पुढच्या दहा चकमकी ते फक्त तलवार चालवतात.

मॉन्स्टरांनीही जागा वापरली पाहिजे, आणि शक्यतो खेळाडूंच्या आधी. गॉब्लिनाने पहिल्याच फेरीत दोराने माळा गाठला, तर तो दोर आहे हे सांगायला वेगळे वर्णन लागत नाही.

४. एकाच साच्याचे मॉन्स्टर घेऊ नका

सहा ओगर ही सहापट रंगतदार लढाई होत नाही. वेगवेगळी कामे करणारे मॉन्स्टर एकत्र आणले की ‘आधी कोणाकडे जायचे’ हा प्रश्न खरा होतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने यासाठी मॉन्स्टरांना भूमिकाच वाटून दिल्या होत्या : जोरकस मारा करणारा, वाट अडवणारा, चपळाईने ये-जा करणारा, दुरून नेम धरणारा, दबा धरून बसणारा, आणि रणांगणावर ताबा ठेवणारा. ही वर्गवारी पुढच्या आवृत्तीत मागे पडली, तरी आखणी करताना ती मनाशी ठेवण्यासारखी आहे. एका चकमकीत दोन किंवा तीन भूमिका पुरेशा होतात. सहाही भरल्या तर तुमचाच गोंधळ उडेल.

आमच्या पाणचक्कीत ओगर जोरकस आहे आणि गॉब्लिन चपळ. गॉब्लिनाला बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) सुटका करून घेता येते किंवा लपता येते. म्हणजे योग्य रीतीने चालवलेला गॉब्लिन आडोशातून बाण सोडतो, पुन्हा लपतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच खिडकीतून दिसतो. त्याचे हिट पॉइंट सातच आहेत. समोरासमोर उभा केलात तर तो पहिल्या वारात संपेल. मॉन्स्टरचा स्टॅट ब्लॉक वाचताना ‘याला जगायचे असेल तर हा कसा लढेल?’ हा प्रश्न विचारा. उत्तर बहुतेक वेळा त्या दोन-चार ओळींतच दडलेले असते.

मोठा जमाव हवा असेल तर चौथ्या आवृत्तीतलीच आणखी एक कल्पना उचला : एकच हिट पॉइंट असलेले दुय्यम मॉन्स्टर. लागला की पडला. हिशेब ठेवावा लागत नाही आणि योद्ध्याला गर्दीतून वाट काढल्याचे समाधान मिळते.

५. एकट्या मॉन्स्टरच्या पाळ्यांचा हिशेब करा

नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकणारा प्रकार हा : भलामोठा, भीतिदायक, एकटा मॉन्स्टर आणला, आणि तो दोन फेऱ्यांत आडवा झाला. कारण साधे आहे. चार पात्रांना एका फेरीत चार पाळ्या मिळतात आणि त्याला एक. एकटा ओगर घ्या. त्याचे हिट पॉइंट ५९ आहेत आणि आर्मर क्लास अवघा ११, म्हणजे त्याच्यावरचे वार फारसे चुकत नाहीत. प्रत्येक पात्राने सरासरी सात नुकसान केले तरी फेरीला २८ होतात, आणि तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला तो संपतो. तेवढ्यात त्याला सोट्याचे दोनच फटके मारायला मिळालेले असतात.

यावर हिट पॉइंट दुप्पट करणे हा पहिला सुचणारा उपाय आहे आणि तो टाळावा. त्याने लढाई अवघड होत नाही, फक्त लांबते. त्याऐवजी मॉन्स्टरला इतरांच्या पाळ्यांमध्ये काही करू द्या. पाचव्या आवृत्तीतल्या मोठ्या ड्रॅगनांना याचसाठी लेजंडरी ॲक्शन दिलेल्या आहेत : फेरीला तीन, आणि त्या दुसऱ्या कोणाची पाळी संपताना वापरायच्या. त्यांच्या गुहेलाही इनिशिएटिव्ह २० वर स्वतःची एक कृती असते. लहान मॉन्स्टरला तीन देऊ नका, एकच पुरते. ओगर एकटाच असेल तर ‘कोणत्याही एका पात्राची पाळी संपल्यावर, फेरीतून एकदा, शेजारच्या माणसाला दहा फूट ढकलतो’ एवढी एक ओळ लढाईचा तोल बदलते, आणि हिट पॉइंट जशेच्या तसे राहतात.

मध्यावर वागणूक बदलणे हाही चांगला मार्ग आहे. निम्मे हिट पॉइंट गेले की मॉन्स्टर काहीतरी वेगळे करू लागतो, आणि हा बदल खेळाडूंना दिसेल असा सांगायचा : ओगर सोटा फेकून देतो आणि चक्कीचा दगडच उचलतो.

६. आता आकडे पडताळा

२०१४ च्या नियमांत प्रत्येक पात्राच्या लेव्हलनुसार चार मर्यादा आहेत. तिसऱ्या लेव्हलला त्या दर पात्री ७५, १५०, २२५ आणि ४०० अनुभवगुण अशा आहेत. म्हणजे चार पात्रांसाठी सोपी चकमक ३००, मध्यम ६००, कठीण ९०० आणि प्राणघातक १६०० पासून सुरू होते. ओगरचे ४५० आणि चार गॉब्लिनांचे प्रत्येकी ५० मिळून ६५० होतात. मॉन्स्टर तीन ते सहा असतील तर या बेरजेला दोनने गुणायचे असते, कारण संख्या वाढली की त्यांच्या पाळ्याही वाढतात. आले १३००, म्हणजे कठीण, पण प्राणघातक नाही. हा गुणाकार फक्त अवघडपणा मोजण्यासाठी आहे. खेळाडूंना वाटायचे गुण ६५० च.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे २०२४ च्या सुधारित नियमांत मॉन्स्टरांच्या संख्येचा गुणाकार काढून टाकला आहे आणि मर्यादाही बदलल्या आहेत. एका आवृत्तीचा तक्ता आणि दुसरीची पद्धत एकत्र केलीत तर उत्तर भलतेच येईल. दुसरा खड्डा असा की जुन्या तक्त्यामागे दिवसभरात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी होतील असे गृहीत आहे. तुमच्या कथेत दिवसाला एकच लढाई होत असेल तर सगळे ताजेतवाने असतात, मंत्र शिल्लक असतात, आणि ‘कठीण’ चकमकही सहज पार पडते. तेव्हा एक तर वाढीव ताकद द्या, किंवा विश्रांती मिळणार नाही अशी परिस्थिती ठेवा. निरोप्याचे गिऱ्हाईक रात्री येणार आहे, हे त्याचसाठी.

तक्त्यात न दिसणारी एक तपासणीही करा. मॉन्स्टरच्या एका फटक्याचे सरासरी नुकसान सर्वांत नाजूक पात्राच्या हिट पॉइंटांशी ताडून पाहा. ओगरचा सोटा सरासरी १३ काढतो. तिसऱ्या लेव्हलच्या जादूगाराजवळ वीसच्या आसपास असतील, तर दोन फटक्यांत तो जमिनीवर येतो. हे चालेल, पण पहिल्या लेव्हलच्या पात्रांपुढे हाच ओगर एका फटक्यात एकेकाला पाडेल, आणि तिथे कोणताही निर्णय घ्यायला उसंतच मिळणार नाही.

७. खेळाडूंना आधी खुणा दिसू द्या

ट्रोल नावाचा राक्षस आपल्या दर पाळीच्या सुरुवातीला दहा हिट पॉइंट परत मिळवतो, आणि आग किंवा ॲसिड लागल्यास त्याच्या पुढच्या पाळीपुरते ते थांबते. ही माहिती खेळाडूंना कशी मिळेल, हे तुम्ही ठरवले नसेल तर ते फक्त चिवट मांसावर घाव घालत राहतील. वाटेत जळालेल्या मशालींचा ढीग आणि त्याभोवती हिरवट, काळवंडलेल्या बोटांचे तुकडे दिसले, तर विचार करणारा खेळाडू मशाल पेटवूनच पुढे जाईल. महत्त्वाची गोष्ट एकाच खुणेवर सोपवू नका. तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे निदान एक सापडतेच.

धोका जास्त असेल तर तोही दिसू द्या. पात्रांना झेपणार नाही असा मॉन्स्टर कथेत असायला काहीच हरकत नाही, मात्र तो न झेपणारा आहे हे कळण्याची आणि मागे फिरण्याची वाट उघडी हवी. आणि कोणाला काय टेबलावर नको आहे, कोळी, लहान मुलांना इजा, गुदमरणे, हे मोहीम सुरू होण्याआधी मोकळेपणाने विचारून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.

८. टेबलावर चालवताना

मॉन्स्टरांचे इनिशिएटिव्ह शक्य असेल तर खेळ सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवा. चार गॉब्लिनांचा एकच इनिशिएटिव्ह घ्यायला नियमांची मुभा आहे, पण ते चौघे एकाच पात्रावर बाण सोडणार नाहीत याची काळजी घ्या. मी दोन-दोनच्या जोड्या करण्याचा सल्ला देईन. हल्ला आणि नुकसान यांचे फासे एकदमच टाका, वेळ वाचतो.

प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला दोन वाक्यांत चित्र उभे करा आणि त्यात वाट पाहत असलेला धोका सांगा : ‘माळ्यावर लाकूड करकरते आहे, कोणीतरी निरोप्याला ओढते आहे. ओगर तुमच्याकडे पाठ करून तुमच्या खेचराकडे वळला आहे.’ त्यानंतर ज्याची पाळी आहे त्याला नावाने हाक मारून ‘तू काय करतोस?’ किंवा ‘तू काय करतेस?’ असे विचारा. घावाचे वर्णन दर वेळी करू नका; पहिला घाव, मोठा घाव आणि शेवटचा घाव एवढे पुरे.

खेळाडूने कार्डावर नसलेली गोष्ट करायची ठरवली, उदाहरणार्थ पिठाचे पोते गॉब्लिनाच्या डोळ्यांत रिकामे करायचे ठरवले, तर नियम शोधत बसू नका. १० सोपे, १५ मध्यम, २० अवघड असा आकडा सांगा, परिणाम आधीच सांगा आणि फासा टाकायला लावा. नेमका नियम सेशननंतर शोधता येतो.

फासे छपवून बदलण्याचा मोह होईल. लढाई भलतीकडे चालली आहे असे वाटले तर फासे तसेच राहू द्या आणि मॉन्स्टरचा निर्णय बदला. ओगर बेशुद्ध पात्राला ठेचत बसत नाही, कारण त्याला भूक लागली आहे आणि खेचर बाहेर उभे आहे. पहिल्या पायरीत लिहिलेले वाक्य इथे तुम्हाला प्रामाणिकपणे वाचवते, आणि खेळाडूंना पुढची फेरी मिळते.

९. लढाई संपल्यावर लगेच तीन नोंदी

सगळे सामान आवरण्याआधी कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा : किती फेऱ्या चालली, नकाशावरची कोणती वस्तू कोणी हाताळलीच नाही, आणि कोण निसटले. तीन ते पाच फेऱ्या हे चांगले प्रमाण आहे. त्याहून लांबली असेल तर पुढच्या वेळी हिट पॉइंट कमी करून नुकसान वाढवा. न वापरलेली वस्तू बहुधा नीट दिसलीच नव्हती. पुढच्या चकमकीत तीच वस्तू आधी मॉन्स्टरच्या हाती द्या.

निसटलेल्यांना नाव द्या. होडीतून पळालेल्या दोन गॉब्लिनांना आता या चार पात्रांचे चेहरे, शस्त्रे आणि मंत्र ठाऊक आहेत, त्यांचे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले आहे आणि त्या नुकसानीची भरपाई ते कोणाकडे तरी मागणारच. नव्या कार्डावर या दोघांपैकी एकाचे नाव कर्ता म्हणून लिहा, आणि त्याला काय हवे आहे ते पुढे भरा.